न धुतलेली सायकल

पहिल्या भेटीचा दिवस ठरवताना, माझ्या मापाची सायकल बनवून देणार होते त्या कारागिरांनी एकच अट घातली होती: सध्या जी सायकल चालवता ती बरोबर आणा, आणि ती धुऊन आणू नका. एरवी मी दुरुस्तीला सायकल नेतानासुद्धा ती स्वच्छ करून नेते. मळलेली सायकल परक्याच्या हाती देताना घर न आवरता पाहुण्याला आत घेतल्यासारखे वाटते. तरीही मी अट पाळली, म्हणजे जवळजवळ पाळली. निघण्यापूर्वी चेनवर साचलेले काळे वंगण तेवढे फडक्याने पुसले. कार्यशाळेत त्यांनी सायकल स्टँडवर चढवली आणि बराच वेळ माझ्याकडे न बघता ते तिच्याभोवती फिरत राहिले. मी भरून पाठवलेला अर्ज त्यांच्या एका हातात होता. आठवड्याला सरासरी किती किलोमीटर, या प्रश्नापुढे मी 200 लिहिले होते; वळलेल्या हँडलच्या खालच्या भागावर हात किती वेळ असतात, यापुढे ‘बराच वेळ’; आणि जुनी दुखणी या रकान्यात एक आडवी रेघ. त्यांनी मोकळ्या हाताचा अंगठा हँडलच्या टेपवरून हळूहळू खाली नेला. वरच्या सरळ दांडीवर आणि ब्रेकच्या मुठींपाशी ती पांढरी टेप घामाने काळवंडून गुळगुळीत झाली होती. जिथून हँडल खाली वळते तिथून पुढे मात्र ती लावली त्या दिवसाइतकी कोरी होती.

“खाली हात जात नाही तुमचा,” ते म्हणाले. स्वरात आरोप नव्हता. डॉक्टर जीभ पाहून बोलतात तसे ते बोलले. मग त्यांनी सीटच्या टोकाशी उजवीकडे झिजलेले कातडे पाहिले, उजवे पॅडल डाव्यापेक्षा जास्त घासले आहे हे पाहिले, आणि विचारले, “पाठ दुखते का? खाली, डाव्या बाजूला?” दुखत होती. पाच वर्षे दुखत होती. त्यांनी एक लांबट वही उघडली, माझे नाव लिहिले, त्याखाली अर्जातला 200 हा आकडा उतरवून घेतला आणि त्याच्या शेजारी एक छोटे प्रश्नचिन्ह काढले. आकडा खोडला नाही, दुरुस्तही केला नाही.

ते प्रश्नचिन्ह मला पुढे बरेच महिने पुरले.

खोटे बोलण्याचा माझा हेतू नव्हता, असे मी स्वतःला परतीच्या वाटेवर सांगत होते. एका आठवड्यात 200 किलोमीटर मी खरोखरच चालवले होते; फक्त तो आठवडा तीन वर्षांपूर्वीचा होता, आणि त्याच्यानंतर दहा दिवस मी सायकलकडे पाहिलेही नव्हते. त्या एका आठवड्याला मी सरासरीच्या खुर्चीत बसवले होते. शिंप्याने टेप कमरेभोवती गुंडाळली की माणूस नकळत पोट आत ओढतो, आणि पोट आत ओढून दिलेल्या मापाच्या सदऱ्याचे पुढे काय होते हे सगळ्यांना ठाऊक असते. तरीही पुढच्या वेळी तो पुन्हा पोट आत ओढतोच. दुकानातली तयार सायकल घेताना हा प्रश्न येत नाही. ती कोणासाठी तरी, सरासरीने काढलेल्या एका कल्पित माणसासाठी बनवलेली असते आणि आपण आपले आपण तिच्यात बसवून घेतो. मापाची फ्रेम करायला निघालो की मात्र समोरचा माणूस विचारतो, तुम्ही कोण आहात. आणि तेव्हा लक्षात येते की या प्रश्नाची दोन उत्तरे आपण तयार ठेवली आहेत आणि त्यांतले अर्जावर लिहिण्याजोगे एकच आहे.

मी पहिली सायकल शिकले ती मोठ्या माणसाची होती. सीटवर बसून पाय पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून आडव्या नळीच्या खालून, चौकटीतून उजवा पाय पलीकडच्या पॅडलवर टाकायचा, डावी काख सीटवर रोवायची आणि शरीर वाकडे करून पॅडल अर्धे पुढे, अर्धे मागे मारत जायचे. गुडघ्याच्या आतल्या बाजूला चेनचे काळे वळ उमटत. त्या वयात हे वाकडेपण म्हणजेच सायकल चालवणे, अशी माझी समजूत झाली, आणि पुढे उंची 154 सेंटिमीटरवर थांबली तेव्हा ती समजूत बदलायचे काही कारण उरले नाही. त्यानंतरची प्रत्येक सायकल थोडी मोठीच होती. सीट पुढे सरकवायची, हँडलला सायकलशी जोडणारा स्टेम आखूड करायचा, आणि एवढे करून जे उरेल ते पाठीने सांभाळायचे. यंत्र आपल्यासाठी हलू शकते हे मला कोणी सांगितले नव्हते असे नाही. मला ते खरे वाटले नव्हते.

बुटक्या माणसाला तयार रोड सायकल का बसत नाही, याचे कारण मला त्या वहीतल्या आकृत्यांमधून पहिल्यांदा नीट समजले. रोड सायकलची चाके जवळजवळ सर्वत्र 700सी मापाची असतात, म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास 622 मिलिमीटर. फ्रेम कितीही लहान केली तरी चाक तेवढेच राहते. मग लहान मापात दोन गोष्टी होतात. वरची आडवी नळी कागदावर आखूड दिसावी म्हणून सीटची नळी अधिक उभी केली जाते, 73 अंशांऐवजी 74.5 किंवा 75. त्याने माणूस पॅडलच्या दिशेने पुढे ढकलला जातो, आणि तो मागे सरकून नीट बसायला गेला की हँडल पुन्हा पूर्वीइतकेच दूर. दुसरे म्हणजे पुढचे चाक पायाला लागू नये म्हणून हँडल जिच्यात फिरते ती पुढची नळी अधिक कलती केली जाते, 71 अंशांच्या आसपास, आणि पुढचे चाक धरणारा चिमटा, म्हणजे फोर्क, मात्र सगळ्या मापांना बहुधा एकच वापरला जातो. फोर्कचा वाक 45 मिलिमीटर धरला, तर 73 अंशांच्या पुढच्या नळीला ‘ट्रेल’ सुमारे 57 मिलिमीटर येतो. 71 अंशांना तोच 69 होतो. ट्रेल म्हणजे हँडलची कललेली रेघ जमिनीला जिथे भेटते त्याच्या किती मागे टायर टेकतो ते अंतर. ते वाढले की सायकल सरळ जायला हट्ट धरते आणि संथ वळणावर लाकडासारखी वागते. मला वर्षानुवर्षे वाटत होते की वळणे मला जमत नाहीत.

शिवाय एवढी तडजोड करूनही पाय चाकाला लागायचा तो लागायचाच. अगदी हळू वळताना बुटाचे टोक पुढच्या टायरला अडकते आणि माणूस उभ्याउभ्या, कोणताही पराक्रम न करता पडतो. मी तशी दोनदा पडले आहे. दोन्ही वेळा बघणारे होते.

म्हणून त्यांनी पहिला उपाय सांगितला तो लहान चाकांचा: 650बी, म्हणजे 584 मिलिमीटर, आणि 32 मिलिमीटरचा टायर. पुढची नळी 72 अंशांवर ठेवता येईल, ट्रेल 58 येईल, पाय मोकळा राहील. हिशोब निर्विवाद होता आणि मी ताबडतोब नकार दिला. कारण म्हणून मी सुटे टायर-ट्यूब मिळण्याची अडचण पुढे केली, आणि ती अडचण अगदीच खोटी नव्हती. पण खरे कारण असे होते की लहान चाकांची सायकल लहान मुलांची दिसते, आणि उंचीमुळे ज्याला आयुष्यभर ‘अजून शाळेत आहेस का’ असे विचारले गेले आहे त्याला मोठी चाके हवी असतात. ते काही बोलले नाहीत. त्यांनी एका पारदर्शक कागदावर 700सी चाकांची फ्रेम माझ्या मापाने काढली, दुसऱ्यावर 650बीची, आणि दोन्ही कागद एकमेकांवर न ठेवता शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या चित्रात दोन मोठी वर्तुळे होती आणि मधे चेमटलेली चौकट. दुसऱ्या चित्रात सायकल होती. मोठ्या माणसाची सायकल थोडे दूर उभे राहून पाहिली तर दिसेल, अगदी त्या प्रमाणातली.

मी चाके मान्य केली, पण त्या दिवशी मनातून मी हरून परतले, हे कबूल करते.

मापे घेण्याचा दिवस वेगळा होता. पाठ भिंतीला टेकवून, अनवाणी, दोन पायांमध्ये एक जाडजूड पुस्तक कणा वर करून घट्ट धरायचे आणि पाणसळीने ते आडवे आहे ना बघून जमिनीपासूनचे अंतर मोजायचे. माझे 72 सेंटिमीटर भरले. या आकड्याला 0.883 ने गुणले की पॅडलच्या दांड्या ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते; हे सूत्र फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या संघातून आले आणि अमेरिकन शर्यतपटू ग्रेग लमाँड यांच्यामुळे जगभर पसरले. माझ्या बाबतीत 63.6 सेंटिमीटर. सूत्राने सुरुवात करायची असते, शेवट नाही, असे म्हणत त्यांनी मला सगळीकडून सरकणाऱ्या एका सांगाड्यावर बसवले आणि गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला. घर बांधताना भिंत सरळ आहे का ते पाहायचा तो ओळंबा आपल्या गुडघ्याला लागलेला पाहून माणसाला स्वतःविषयी एक वेगळाच आदर वाटू लागतो. तो फार टिकला नाही. डाव्या पायाची मांडी उजव्यापेक्षा सुमारे पाच मिलिमीटर आखूड आहे, हे मला त्या दिवशी, आयुष्याची चाळिशी उलटल्यावर कळले. सीटवरचे उजवीकडचे झिजणे, पाठीची डावी बाजू, अधिक घासलेले उजवे पॅडल, सगळे त्या पाच मिलिमीटरमध्ये होते, आणि त्यांना ते सायकल पाहूनच कळलेले होते. पुस्तक आणि ओळंबा केवळ माझी खात्री पटावी म्हणून.

बेल्जियमचे शर्यतपटू एडी मर्क्स यांच्याविषयीची एक गोष्ट मला त्या आठवड्यात सारखी आठवत राहिली. 1969 मध्ये फ्रान्समधल्या ब्ल्वा येथे सायकल शर्यतीच्या गोल मार्गावरच्या अपघातात, त्यांना वेग मिळावा म्हणून पुढे मोटार लावलेली सायकल चालवणारा साथीदार मृत्यू पावला आणि स्वतः मर्क्स यांच्या कमरेला अशी दुखापत झाली की पुन्हा कधी सीटवर त्यांना पूर्ण स्वस्थ बसता आले नाही. त्यानंतर शर्यत चालू असताना खिशातली किल्ली काढून, चालत्या सायकलवर सीट वरखाली करताना लोकांनी त्यांना पाहिले आहे. मापाच्या सायकली, हाताखाली हवे तितके कारागीर, आणि तरीही आज सकाळी आपले शरीर कोणते आहे हे त्यांना रोज नव्याने शोधावे लागत होते. 1972 मध्ये मेक्सिको सिटीत त्यांनी तासाभरात 49.431 किलोमीटर अंतर कापले ते इटलीचे कारागीर एर्नेस्तो कोल्नागो यांनी बनवलेल्या, सहा किलोंहूनही हलक्या स्टीलच्या सायकलवर. स्टील म्हणजे जड, असे जे मला वारंवार ऐकावे लागले, त्याला मी हे उत्तर देत असे. मात्र ती सायकल एका तासापुरती होती आणि मला आयुष्यभराची हवी होती, हा भाग मी सांगत नसे.

स्टीलच का, याचे माझे उत्तर तीन वेळा बदलले. प्रथम मी म्हणत असे की स्टील थकत नाही. त्यात तथ्य आहे: ठरावीक मर्यादेच्या आतला ताण स्टील कितीही वेळा सोसू शकते, ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, ते लहान ताणांचाही हिशोब ठेवत जाते. मग मी दुरुस्तीचे कारण देऊ लागले. वाकलेली नळी काढून नवी बसवता येते. खरे कारण त्या दुसऱ्या भेटीत सापडले. त्यांनी दोन नळ्या माझ्या हातात दिल्या आणि बोटाच्या नखाने वाजवायला सांगितल्या. एक जाड आवाजात बोलली, दुसरी बराच वेळ किणकिणत राहिली. दुसरीची भिंत टोकांना 0.7 आणि मध्ये 0.4 मिलिमीटर होती. नळी टोकांना जाड आणि मध्ये बारीक ठेवण्याच्या कल्पनेचे पेटंट अल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी 1897 मध्ये घेतले. बर्मिंगहॅममधले त्यांचे घराणे मूळचे खिळे बनवणारे. जोडताना टोकांना आच लागते आणि तिथले धातू कमजोर होते, म्हणून तिथे जाडी हवी. मध्ये ती नुसते ओझे असते. किती साधी गोष्ट, पण नळीच्या आतली, डोळ्यांना कधीच न दिसणारी. याच घराण्याच्या कंपनीने 1935 मध्ये मँगनीज-मॉलिब्डेनमची 531 ही नळी आणली, जिने पुढच्या अर्ध्या शतकातल्या शर्यती वाहिल्या.

तर त्यांचे म्हणणे असे होते: तयार फ्रेम बनवणाऱ्याला, ती 90 किलोंचा माणूसही घेईल हे गृहीत धरून नळी निवडावी लागते, आणि तुम्ही 50 किलोंच्या आहात. नळीचा व्यास वाढवला तर वजन त्या प्रमाणात वाढते, पण ताठरपणा व्यासाच्या घनाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे 25.4 मिलिमीटरऐवजी 28.6 मिलिमीटरची नळी घेतली तर वजन आठव्या हिश्श्याने वाढेल आणि ताठरपणा जवळजवळ दीडपट होईल. मोठ्या माणसाला तो हवा असतो. तुम्हाला तो फक्त मनगटांत जाणवेल. म्हणून आडवी नळी जुन्या, बारीक मापाची, 25.4. मला ही सगळी मांडणी ऐकताना विचित्र असे भरून आले. आजवर मी सायकलवर कमी पडत होते. या हिशोबात मी कमी नव्हते, 50 किलो होते, आणि 50 किलोंसाठी जगात एक नळी होती.

त्यानंतर नऊ महिने वाट पाहणे. त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सुरुवातीला मी दर आठवड्याला चौकशी करत असे, मग लाज वाटून थांबले.

जोड झाळण्याच्या दिवशी त्यांनी बोलावले. नळ्यांची टोके आधीच कानशीने एकमेकींच्या गोलाईत बसतील अशी माशाच्या तोंडासारखी कापून ठेवली होती; दोन नळ्या जुळवून दिव्यासमोर धरल्या तर मधून प्रकाशाची रेघही येत नव्हती. जोडांवर लग होते, म्हणजे नळ्या ज्यात शिरतात ती आखूड बाही; तिच्या कडा त्यांनी इतक्या पातळ आणि टोकदार घासल्या होत्या की ते कोंदण वाटावे. वेल्डिंगमध्ये नळीचे धातूच वितळते. झाळताना मात्र नळी घन राहते आणि तिच्याहून कितीतरी कमी तापमानाला वितळणारा डाख जोडात ओढला जातो. हा डाख चांदीचा होता. जोडाला फासलेला पांढरा लेप आधी बुडबुडला, मग पीठ पडल्यासारखा कोरडा झाला, आणि सुमारे 600 अंशांवर अचानक वितळून पाण्यासारखा नितळ झाला. त्याच्या आत स्टील अगदी मंद, संध्याकाळच्या ढगाइतके लाल दिसत होते. त्यांनी चांदीची तार लगच्या एका कडेला टेकवली आणि ज्योत दुसऱ्या कडेला नेली. तार नाहीशी झाली. क्षणभराने पलीकडच्या कडेवर, जिथे कोणी काही लावले नव्हते, एक उजळ रेघ उमटली. धातू उष्णतेच्या मागे जाते, ते म्हणाले, त्याला ढकलायचे नसते. केसाएवढ्या फटीतून ती चांदी आतल्या आत पूर्ण गोल फिरून आली होती.

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी माणूस बहुधा काहीतरी बोलून ठेवतो आणि नंतर पस्तावतो.

रंगाबद्दल मात्र मी फार बोलले, आणि तो भाग आता आठवला की कंटाळा येतो. अखेरीस गडद हिरवा ठरला. नाव कोणाचे लिहायचे, हाही प्रश्न आला. 1970 आणि 80 च्या दशकांत कित्येक नामवंत शर्यतपटूंच्या फ्रेम त्यांच्या विश्वासातले कारागीर गुपचूप बनवत आणि वर नाव रंगवले जाई ते संघाला पैसे देणाऱ्या कंपनीचे. आत एकाचा हात, बाहेर दुसऱ्याची पाटी. मी माझ्या फ्रेमवर काहीच लिहायचे नाही असे सांगितले. फक्त पॅडलच्या दांड्यांच्या आसाखाली, जिथे पाहायला सायकल उलटी करावी लागते, एक क्रमांक ठोकलेला आहे.

सायकल हाती आली तेव्हा तिच्या पुढच्या फोर्कची नळी हँडलच्या वर बोटभर उंच सोडलेली होती आणि त्या उंचवट्यावर चार चकत्या घातल्या होत्या, दोन स्टेमच्या खाली, दोन वर. ती कापून टाकली नाही का, असे मी विचारले, कारण चित्रांत दिसणाऱ्या सुंदर सायकलींना असा खुंट नसतो. “कापलेले परत लावता येत नाही,” ते म्हणाले. “दोन वर्षे चालवा. हँडल खाली न्यावेसे वाटले तर खाली जाईल, वर न्यावेसे वाटले तर वर. मग कापू.” हे बोलताना त्यांनी वहीकडे पाहिले नाही, पण मला प्रश्नचिन्ह दिसले.

पहिल्या दिवशी मला काहीही झाले नाही. मोठ्या अपेक्षेने निघालेल्या माणसाला काहीही न होणे फार टोचते. तीन तासांनी थांबले तेव्हा ध्यानात आले की सीटवर मी एकदाही पुढेमागे सरकले नव्हते, मनगटे झटकली नव्हती, वळण घेताना श्वास रोखला नव्हता. पायडांड्या 170 ऐवजी 160 मिलिमीटरच्या, डाव्या बुटाच्या तळाशी पाच मिलिमीटरची पट्टी. दुखण्याची जागा शोधत मन पाठीवरून फिरून आले आणि रिकाम्या हाताने परतले. याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्याखाली एक वेगळी, जराशी कृतघ्न भावना होती. मोठ्या सायकलवर बसून वर्षानुवर्षे सोसले, त्या सोसण्यावर माझी अर्धी ऐट उभी होती. मागे पडले तर सायकल मोठी होती. पडले तर चाक पायात आले होते. थकले तर पाठ होती. आता यातले काहीच नव्हते.

चढावर मी पूर्वीइतकीच हळू होते.

ते स्वीकारायला एक पावसाळा गेला. नोंदी ठेवण्याची सवय मला कधी नव्हती, ती लागली. आठवड्याला 90, कधी 110, एकदा आजारपणात शून्य. 200 एकदाही नाही. गंमत अशी की आकडा खरा लिहू लागल्यावर तो लहान वाटेनासा झाला. मात्र हँडलच्या खालच्या भागाचे काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नसे. उतारावर कधी तरी हात खाली नेत असे, दहा-वीस सेकंद, कोणी बघत असल्यासारखी, आणि पुन्हा मुठींवर आणत असे. स्टेमच्या खालच्या दोन चकत्यांपैकी एकही मी वर हलवली नाही. वर ठेवलेल्या दोनपैकी एक, साधारण वर्षाने, खाली आली. म्हणजे हँडल आणखी उंच झाले. ते काम मी रात्री केले.

दोन वर्षांनी पुढचे बेअरिंग खडखडू लागले म्हणून सायकल त्यांच्याकडे न्यायची ठरवली. या वेळी कोणी काही अट घातली नव्हती. आदल्या दिवशी मी टेप बदलली. जुनी मळली होती हे खरेच, आणि बदलायला झालीही होती. उलगडताना खालचा भाग कोरा निघाला तेव्हा मी ती पटकन गुंडाळून कचऱ्यात टाकली, हेही खरे. सायकल मात्र धुतली नाही. ती अट माझ्या लेखी अजून चालू होती.

त्यांनी ती स्टँडवर चढवली, अंगठा टेपवरून वरपासून खालपर्यंत फिरवला आणि थांबले. टेप सर्वत्र सारखीच पांढरी होती. ते माझ्याकडे बघून किंचित हसले आणि खाली वाकले, पॅडलपाशी, जिकडे मी विचारही केला नव्हता. पुढच्या दोन दातेरी चक्रांपैकी लहान, म्हणजे चढावर आणि हळू जाताना लागणाऱ्या चक्राचा काळा मुलामा दातांवरून पार उडून खालचे पांढरे धातू चमकत होते. मोठ्या चक्राचा मुलामा अगदी शाबूत होता. मग त्यांनी चकत्या मोजल्या, खाली तीन, वर एक, आणि वही काढली. माझे पान होते. 200 होते, प्रश्नचिन्हही होते. त्याखाली त्यांनी तारीख घातली आणि एकेका ओळीत लिहीत गेले: बेअरिंग बदलणे. खुंट कापू नये. लहान चक्र झिजले, मोठे कोरे. जरा थांबून त्यांनी आणखी एक ओळ लिहिली.

टेप नवी.